शाळा मुलाकडे केव्हा जाणार?

दिवाळी सरली की कल्याण, भिवंडी, अंबरनाथ या तालुक्यांतील वीटभट्ट्या पेटतात आणि कातकरी वाड्यांतील बिऱ्हाडे मुलाबाळांसह भट्टीवर मुक्कामाला जातात. गावच्या शाळेच्या हजेरीपटावर मुलाचे नाव राहते, मूल मात्र पावसाळ्याच्या तोंडापर्यंत परतत नाही. उल्हासनगरच्या दोन नंबर कॅम्पातील घरे व दुकाने ज्या विटांनी उभी राहिली, त्यांतील किती विटा वाळताना लहान हातांनी उलटल्या, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

या मुलांना शिक्षणाची गोडी नाही, आईबापांनाच ते नको असते, असे सुशिक्षितांच्या बैठकीत सहज बोलले जाते. या समजुतीला उत्तर फार पूर्वी मिळाले आहे आणि तेही तत्कालीन ठाणे जिल्ह्यातच. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले, तेव्हा पुण्याच्या हुजूरपागेतील अध्यापिका अनुताई वाघ त्यांच्या मदतीस गेल्या. तेराव्या वर्षी विवाह आणि त्यानंतर काही महिन्यांतच वैधव्य, असा या बाईंचा पूर्वेतिहास. शहरातली नोकरी सोडून त्या ज्या खेड्यात गेल्या, तेथे मुले शाळेत येतच नव्हती. तेव्हा या दोघींनी मुलांच्या अंगणातच बालवाडी भरविली. मुलांना न्हाऊमाखू घातले. शंख, शिंपले, पाने व खडे यांनाच शैक्षणिक साधने केले. पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली मुले गुरे राखण्यासाठी रानात जातात असे दिसले, तेव्हा शाळाच कुरणावर नेली. तीच ‘कुरणशाळा’. धाकटे भावंड सांभाळण्यासाठी मुलगी घरी राहते म्हणून पाळणाघर, दिवसा काम करणाऱ्यांसाठी रात्रीचे वर्ग. मूल शाळेत का येत नाही, याचे कारण शोधावयाचे आणि ते कारणच शाळेच्या रचनेत सामावून घ्यावयाचे, ही त्यांची रीत. १९९२ साली निधन होईपर्यंत अनुताई याच कामात होत्या.

शासनाने त्यांचा गौरव केला, पद्म पुरस्कार दिले. १९७५ साली देशभर सुरू झालेल्या अंगणवाड्यांच्या नावातही त्या अंगणाची आठवण आहे. कुरणशाळेची रीत मात्र शासनाने तितक्या आस्थेने उचलली नाही. १९९० च्या दशकात विवेक पंडित यांच्या विधायक संसदेने भट्ट्यांवरच भोंगाशाळा भरवून तीच रीत पुन्हा सिद्ध करून दाखविली. शिक्षण हक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आहे. स्थलांतरित मुलाला दुसऱ्या शाळेत बसता यावे यासाठी शिक्षण हमी कार्डही निघाले. कार्ड मुलाबरोबर जाते हे खरे. पण भट्टीपासून शाळा दोन कोस असेल तर त्या कार्डाचे मुलाने करावयाचे काय?

उलट २०२३ मध्ये शिक्षण विभागाने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांऐवजी समूह शाळा उभारण्याचे प्रस्ताव मागविले. एकट्या शिक्षकाच्या, सहासात मुलांच्या शाळेत शिक्षणाला रंग भरत नाही, हा शासनाचा युक्तिवाद सर्वस्वी खोटा नव्हे. परंतु ओढ्यापलीकडच्या पाड्यावरील सहा वर्षांची मुलगी आषाढात रोज तीन मैल कशी जाणार, याचे उत्तर त्यात सापडत नाही. बस मिळेल म्हणतात. जेथे रस्ताच नाही तेथे बस कोणत्या मार्गाने येणार, हे मंत्रालयातील नकाशाने सांगावे.

हे गाऱ्हाणे उल्हासनगरकरांस परके वाटू नये. फाळणीनंतर लष्कराच्या ओसाड बराकींत नव्वद हजारांहून अधिक सिंधी निर्वासित येऊन राहिले. १९४९ साली त्या छावणीला उल्हासनगर हे नाव मिळाले. ज्यांची घरेदारे गेली होती, त्यांनी बराकींतच मुलांना शिकविले आणि १९६० च्या दशकात येथे महाविद्यालये उभी केली. स्थलांतराने शिक्षण तुटू द्यावयाचे नाही, हे या गावाला पुस्तकातून शिकावे लागलेले नाही. आज त्याच गावाच्या वेशीवर दुसरी बिऱ्हाडे दरसाल उतरतात आणि आम्ही ती पाहत नाही.

करावयाचे काम मोठे खर्चाचेही नाही. भट्टीसाठी माती उचलण्यास तहसील कचेरीची परवानगी लागते. त्याच अर्जात भट्टीवर किती मुले येणार, कोणत्या वयाची व कोणत्या गावची, याची नोंद मालकाकडून घ्यावी. ती यादी पंचायत समितीने आठवड्याच्या आत शाळांना द्यावी आणि जेथे शाळा दूर आहे तेथे हंगामापुरता शिक्षक भट्टीवर पाठवावा. मुलाची हजेरी व प्रगती त्याच्या मूळ गावच्या शाळेला कळवावी, म्हणजे जूनमध्ये ते पुन्हा पहिल्या धड्यावर बसणार नाही. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर येथे निवृत्त शिक्षक-शिक्षिका पुष्कळ आहेत. त्यांतील काहींनी आठवड्याचे दोन दिवस दिले तरी त्या शिक्षकाला जोड मिळेल. सावलीसाठी छप्पर, प्यावयास पाणी, एक फळा, एवढी सामग्री भट्टीमालकाकडून मागावयास हरकत नाही. याद्या मात्र दिवाळीपूर्वीच तयार हव्यात.