ठकीचे दोन दात

दोस्तांनो, मी हे सदर लिहायला बसलो की कागदावर येऊन बसणारी आमची ठकी तुम्हाला ठाऊक आहेच. ठकी आता 15 वर्षांची झाली. माणसाच्या हिशेबात पंचाहत्तरी ओलांडलेली आजीबाईच म्हणा ना! गेली दोन वर्षं तिची मूत्रपिंडं अधू झाली आहेत. म्हाताऱ्या मांजरांत हा आजार पुष्कळ दिसतो. तो बरा होत नाही, सांभाळावा लागतो.

त्यात भर पडली दातांची. पहिल्यांदा लक्षात आलं ते माझ्या सहावीतल्या पुतणीच्या. "काका, ठकी मान वाकडी करून खाते. आणि तोंडातला घास खाली पडतो." खरंच की! लाळही गळत होती, तोंडाला वास येत होता. मांजर दुखलं म्हणून ओरडत नाही हं. दुखणं लपवणं हा त्याचा स्वभावच.

डॉक्टरांनी तोंड उघडून पाहिलं. मांजराला 30 दात असतात, ठकीचे निम्मेच उरलेत. हिरड्या लालभडक, आणि दोन दाढा मुळाशी झिजलेल्या. आपल्या दातांना लागते तशी कीड मांजराच्या दाताला सहसा लागत नाही. त्याचं शरीरच कधी कधी स्वतःचा दात आतून विरघळवू लागतं. कारण अजून नीट उलगडलेलं नाही, पण दुखतं मात्र भयंकर. उपाय एकच, दात काढणं.

आणि इथेच घोडं अडलं. मांजर काही आपल्यासारखं खुर्चीत 'आ' करून बसत नाही, त्याला पूर्ण भूल द्यावी लागते. भुलीत रक्तदाब उतरला की मूत्रपिंडांना रक्त कमी पोचतं. ठकीची तर आधीच दमलेली!

रविवारी जेवताना घरात चर्चा झाली. ताटात तांबडा-पांढरा रस्सा, आणि ठकी पाटाशेजारी. (तिला रस्सा द्यायचा नाही, बरं का! कांदा-लसणाने मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात.) आजी म्हणाली, "पंधरा वर्षं जगली की. आता कशाला तिला कापाकापी? जे व्हायचं ते घरात होऊ दे." दादाने खर्चाचं विचारलं. त्यात त्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही, घर त्यालाच चालवायचंय. पुतणी मात्र तडकली, "आजी, तुझी दाढ दुखली तेव्हा तू रात्रभर बसून होतीस! तेव्हा कुणी म्हणालं का, वय झालं म्हणून?" आजी गप्प.

मी पुन्हा डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, "घाई नको. आठ दिवस वही ठेवा. काय खाल्लं, किती पाणी प्यायली, वजन किती." पुतणीने वही घातली. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठकीला टोपलीत बसवून वजन! आठ दिवसांत 3 किलो 100 ग्रॅमवरून 2 किलो 950.

पण वजनापेक्षा वहीतली दुसरी एक ओळ डॉक्टरांनी दोनदा वाचली. 'ताटली ठेवली की पळत येते. एक घास घेते आणि मागे सरकते.' म्हणजे भूक होती! मूत्रपिंडांच्या आजारानेच अन्न नकोसं झालं असतं, तर दात काढून फारसा फायदा नव्हता. इथे पोट मागत होतं आणि दाढ खाऊ देत नव्हती. मांजर काही दिवस उपाशी राहिलं तर त्याच्या यकृतावरही परिणाम होतो, म्हणजे नुसतं थांबणंही सुरक्षित नव्हतंच.

रक्त तपासलं. मूत्रपिंडांचे आकडे मागच्या वेळेइतकेच होते. मग ठरलं: सगळं तोंड साफ करायचं नाही, फक्त त्या दोन दाढा, कमीत कमी वेळाची भूल, आणि आधीपासून सलाईन. "जागी होईलच ना?" पुतणीने विचारलं. डॉक्टर म्हणाले, "बहुतेक होईल. नक्की, असं मी म्हणणार नाही." मला ते उत्तर आवडलं. पुतणीला नाही. ती रिक्षात रडली.

सही दादाने केली. आजीनेच टोपलीत आपलं जुनं मऊ लुगडं घातलं.

ठकी जागी झाली. संध्याकाळी झिंगल्यासारखी चालत होती आणि आमच्यावर भयंकर रागावलेली होती. डॉक्टरांनी दिलेलं औषध तेवढंच द्यायचं होतं. तुम्हीही लक्षात ठेवा, घरातली तापाची पॅरासिटामॉलची गोळी मांजराला कधीही देऊ नका, एका गोळीनेही ते दगावू शकतं.

तिसऱ्या दिवशी आजीने बिनमिठाचं उकडलेलं चिकन बोटांनी कुस्करलं. ठकीने मान सरळ ठेवून खाल्लं. मूत्रपिंडं होती तशीच आहेत, पाणीही ती अजून खूप पिते, आणि वही चालू आहे. त्या दिवसाची नोंद आजीच्या अक्षरात आहे: 'ताटली पुसून खाल्ली. आणखी मागितलं.'