आधी बसायला शिकू या

‘पुन्हा चालेल ना हो?’ मणक्याला जबर मार लागलेल्या माणसाचे घरचे लोक डॉक्टरांना पहिला प्रश्न हाच विचारतात. तो स्वाभाविकच आहे. पण वर्षानुवर्षे तोच एक प्रश्न घरात मुक्काम ठोकून बसला की, बाकीचे सारे प्रश्न दाराबाहेर ताटकळतात. मालिश, काढे, नवस, परगावचा कोणी ‘हमखास गुण’ देणारा... पैसा जातो, दिवस जातात. माणूस उभा राहण्याची वाट पाहता पाहता त्याला बसायला शिकवायचेच राहून जाते.

मेंदूचे हुकूम शरीराला आणि शरीराची खबर मेंदूला पोचवणारा मज्जारज्जू पाठीच्या कण्यातून जातो. हाड सांधते, मज्जारज्जू तसा सांधत नाही. इजा मानेत झाली तर हातपाय दोन्ही दुबळे होतात, पाठीत झाली तर पाय. सोबत स्पर्शाची जाणीव आणि लघवी-शौचावरचा ताबाही जातो. या शेवटच्या गोष्टीबद्दल आपल्या घरांत कोणी मोकळेपणाने बोलत नाही आणि घात तिथेच होतो. इजा अपुरी असेल तर पुष्कळ शक्ती परत येऊ शकते, म्हणून व्यायामोपचार लवकर सुरू व्हायला हवेत. मात्र, ज्याची खात्री नाही त्याच्यासाठी आजचा दिवस गहाण टाकू नये.

दुसऱ्या महायुद्धापूर्वी असे रुग्ण बहुधा वर्ष-दोन वर्षांत दगावत. मारत असत ती अंथरुणातली जखम आणि मूत्रमार्गाचा संसर्ग. 1944 साली इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात डॉ. लुडविग गटमन यांनी दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलण्याचा दंडक घातला, मूत्राशयाची काळजी शिकवली आणि जखमी सैनिकांना कामाला, खेळाला लावले. 29 जुलै 1948 रोजी तिथे तिरंदाजीचे सामने झाले आणि त्यांतूनच पुढे पॅरालिम्पिक उभे राहिले. 1965 च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झालेले आपले मुरलीकांत पेटकर 1972 साली हायडेलबर्गला पोहण्यात सुवर्णपदक मिळवून आले, ते याच वाटेने.

हे शिक्षण घरीही देता येते. खुर्चीत बसलेल्याने थोड्या थोड्या वेळाने अंगाचा भार हलवायचा; रोज आरसा धरून पाठ, नितंब, टाचा न्याहाळायच्या, कारण चादरीची सुरकुतीही तिथे जखम करते आणि दुखत मात्र नाही; लघवीची नळी ठरल्या वेळी, स्वच्छ हातांनी, डॉक्टरांनी शिकवल्याप्रमाणे वापरायची.

पण हे सारे सांगायला त्याच वाटेने गेलेला माणूस भेटावा लागतो. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांना तरुणपणी अपंगत्व आले, तेव्हा चाकाच्या खुर्चीवरच्या बाबूकाका दिवाण यांच्या भेटीने उभारी मिळाली. 1984 साली त्यांनी ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था काढली. ‘चाकाची खुर्ची’ हे त्यांचे आत्मकथन घरोघरी असावे असेच आहे. मुंबईत डॉ. केतना मेहता यांनी स्वतःच्या अपघातानंतर 2001 साली ‘नीना फाउंडेशन’ सुरू केले. डॉक्टर धीर देतो. पण तीच खुर्ची वापरणारा माणूस स्वतः कमावून, हसत समोर येतो, तेव्हा घराचा विश्वास बसतो.

बँकेत हयात घालवल्यामुळे एक व्यवहाराची गोष्ट सांगतो. सरकारी नोकरीत असाल तर घाईने राजीनामा लिहून देऊ नका. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 20 नुसार, नोकरीत असताना अपंगत्व आले म्हणून कर्मचाऱ्याला काढता येत नाही, की खालच्या पदावर ढकलता येत नाही. ते काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे द्यावे लागते. 2017 साली रिझर्व्ह बँकेनेही दिव्यांग ग्राहकांना घरपोच सेवा देण्याचे निर्देश बँकांना दिले. शाखेत जाऊन ती मागा, संकोच करू नका.

आणि शेजाऱ्यांचे काय? सोसायटीच्या सभेत रंग कोणता लावायचा यावर आपण दोन तास वाद घालतो. दाराशी एक उतार बांधायचा ठराव पाच मिनिटांत होण्यासारखा आहे. खुर्चीवरच्या माणसाला दया नको असते; त्याला खाली उतरून कोपऱ्यावरच्या दुकानातून स्वतःचे वर्तमानपत्र स्वतः आणायचे असते.