ताकद की हूल?

परवा गावी, म्हणजे चंदगडला जाऊन आलो. काजूचे दिवस, घरात पाहुणे, आणि सोप्यात बसून कबड्डीवर चर्चा. आमच्याकडे हल्ली दुसरा विषयच निघत नाही, त्याला कारण सिद्धार्थ देसाई. हुंदळेवाडीचा हा पोरगा 2018 साली यू मुंबाकडून प्रो कबड्डीत उतरला आणि पहिल्याच हंगामात चढाईचे दोनशेच्या वर गुण घेऊन गेला. पुढच्या वर्षी तेलुगू टायटन्सने त्याला 1 कोटी 45 लाखांना घेतलं. लोकांनी नाव ठेवलं 'बाहुबली'. अभिमान मलाही आहे, त्यात वाद नाही.

वाद आहे तो त्या नावाचा आम्ही काढलेल्या अर्थाशी.

झालं असं की, माझा भाचा चौदा वर्षांचा, अंगाने अगदी काडी. शाळेच्या संघासाठी गेला तर त्याला सांगण्यात आलं, "आधी अंग कमव, मग चढाईला ये." तेव्हापासून पोरगा घरी जोर-बैठका मारतो आणि मैदानाकडे फिरकत नाही. काका म्हणाले, "बरोबरच आहे गा, ताकद नसली तर सात जण उचलून बाहेर टाकतील." काकांपुढे कोण बोलणार! म्हणून इथे लिहितोय.

माझं म्हणणं एवढंच, की चढाई मुळात ताकदीची गोष्ट नाहीच. चांगला चढाईपटू काय करायचं ते आधी ठरवून आत जात नाही. तो समोरच्याला काहीतरी करायला लावतो आणि मग त्याच्या उलट करतो. आपल्या भाषेत याला हूल म्हणतात.

बोनसचंच बघा. समोर सहा किंवा सात गडी असतील तरच बोनस मिळतो. एक पाय बोनस रेषेपलीकडे टेकायचा आणि त्या वेळी दुसरा हवेत हवा. चढाईपटू कोपऱ्यातल्या गड्यासमोर पाय पुढे करतो. आता पंचाईत कोपऱ्याची. घोटा धरायला झेपावला तर तो स्वतः हाताच्या टप्प्यात येतो, आणि मागेच थांबला तर बोनस गेला. अनुप कुमारने यावरच सगळं करिअर काढलं. 2015 मध्ये यू मुंबाला विजेतेपद मिळवून देणारा हा कप्तान कुणाला ढकलताना फारसा दिसायचा नाही. तो नुसता थांबायचा आणि समोरच्याची घाई व्हायची.

दुसरी तऱ्हा डुबकीची. प्रदीप नरवालच्या डुबकीवर पाटणा पायरेट्सने 2016 मध्ये दोनदा आणि 2017 मध्ये एकदा विजेतेपद मिळवलं. पण डुबकी लागते कधी? साखळी मिठी मारायला उंचावरून येते तेव्हा. गडी आलेच नाहीत, तर कुणाखालून जाणार? म्हणजे इथेही निवड बचावाची, चढाईपटू फक्त तिचा फायदा घेतो. फरक एवढाच, की बोनसमध्ये एका कोपऱ्याला वाचायचं असतं आणि डुबकीत दोघा-तिघांना एकदम. चूक झाली तर डुबकीवाला साखळीच्या खाली, म्हणजे थेट बाहेर.

तिसरी तऱ्हा अंगाची. धरलं तरी ओढत मध्यरेषेपर्यंत यायचं. हिचा मोबदला मोठा आहे, कारण तुम्ही रेषा गाठली तर अंगाला लागलेले सगळे बाद. सिद्धार्थ हे करतो, मान्य. पण त्याच्या चढाया नीट बघा. पळता पळता लांब हात टाकून तो गडी टिपतो आणि झोंबाझोंबी त्यानंतर सुरू होते. आम्ही फक्त झोंबाझोंबी लक्षात ठेवली!

माझा मावसभाऊ टेक्सासमध्ये असतो. त्याने मला तिकडचं कॉलेज फुटबॉल दाखवलं. त्यात 'ऑप्शन' नावाची चाल आहे. सगळ्या बचावपटूंना अडवायचं आणि एकाला मुद्दाम मोकळा सोडायचा. तो मधल्या गड्याकडे धावला तर चेंडू स्वतःकडे ठेवायचा, आपल्यावर आला तर बाहेरच्याकडे टाकायचा. न अडवता एक गडी कमी झाला की नाही! टेक्सास विद्यापीठाने 1968 मध्ये याचाच 'विशबोन' प्रकार आणला आणि 1969 मध्ये राष्ट्रीय विजेतेपद घेतलं. पण मला आवडली ती नौदल अकादमीची गोष्ट. तिथे धिप्पाड पोरं मिळणं अवघड, म्हणून त्यांनी वर्षानुवर्षं ऑप्शनच धरून ठेवला. 2007 मध्ये त्यांनी नोत्र दामला हरवलं, लागोपाठ 43 वर्षं हरल्यानंतर! ज्यांच्याकडे अंग नाही त्यांच्यासाठीच ही विद्या आहे, हे त्यांना कळलं. आपल्याला घरात असून कळत नाही.

आता काकांची बाजू. ती अगदीच खोटी नाही. समोर पाचच गडी उरले की बोनस बंद, म्हणजे अर्धी हूल गेली. दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण घ्यावाच लागतो. 'परत जाईन' हा पर्याय संपतो आणि ते बचावालाही ठाऊक असतं. तिथे अंग लागतं, मान्य. पण तिसरीवर वेळ का आली? पहिल्या दोन चढायांत डोकं चाललं नाही म्हणून!

शिवाय अंग वयाबरोबर येतंच. नजर चौदाव्या वर्षी मैदानातच तयार होते, घरी जोर मारून नाही. अंग येईपर्यंत पोराला बाहेर बसवलं, तर अठराव्या वर्षी अंग असेल आणि कोपऱ्याचा पाय कधी उचलतो ते कळणार नाही.

असो. भाच्याला मी फोनवर एवढंच सांगितलंय, की गल्लीत दोन पोरांना कोपऱ्यात उभं कर, नुसता पाय पुढे कर, आणि कोण आधी हलतो ते बघ. काका हे वाचणार आहेतच (ताई वाचून दाखवते त्यांना). काका, रागावू नका. गणपतीत आलो की अंगणात रेषा आखू. तुम्ही कोपऱ्यात उभे राहा, भाचा चढाईला येईल. मग बोलू.