कुत्र्याचा रक्तक्षय आणि धन्यावरील भार

काल संध्याकाळपर्यंत अंगणात बागडणारा कुत्रा सकाळी उठत नाही. अन्नास तोंड लावीत नाही. ओठ वर करून पाहावे तर हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या दिसतात, आणि लघवीचा रंग कोऱ्या चहासारखा झालेला असतो. घरची मंडळी त्याला उचलून पशुवैद्यकाकडे नेतात. तेथे रक्त तपासले जाते. निरोगी कुत्र्याच्या रक्तात तांबड्या पेशींचे प्रमाण शेकडा ३७ ते ५५ असते. या आजारात ते १५ च्याही खाली जाऊ शकते. मग निदान सांगितले जाते की, शरीराची प्रतिकारयंत्रणा आपल्याच तांबड्या पेशींचा नाश करीत आहे. त्या क्षणापासून रुग्ण कुत्रा असला तरी उपचाराचा मोठा भाग त्याच्या धन्याने करावयाचा असतो. आणि या धन्याची विचारपूस करणे हे पशुवैद्यकाचे काम आहे, ही गोष्ट अद्याप पुरेशी मान्य झालेली नाही.

आजाराचे स्वरूप समजल्यावाचून या भाराची कल्पना येणार नाही. कुत्र्याच्या तांबड्या पेशीचे आयुष्य सुमारे ११० दिवसांचे असते. एरवी जंतूंवर चिकटणारी प्रतिपिंडे या रोगात तांबड्या पेशींनाच चिकटतात, आणि प्लीहा व यकृत यांतील भक्षक पेशी त्यांना परक्या समजून गिळू लागतात. अस्थिमज्जेतून नव्या पेशी पुरेशा संख्येने बाहेर पडण्यास तीन ते पाच दिवस लागतात. नाश मात्र काही तासांत होऊ शकतो. पेशींना चिकटलेली ही प्रतिपिंडे ओळखण्याची कसोटी कूम्ब्स, मूरंट व रेस यांनी १९४५ साली प्रसिद्ध केली. माणसाच्या रक्तासाठी आज जगभर वापरली जाणारी ही कसोटी ज्यांच्या नावाने ओळखली जाते, ते रॉबिन कूम्ब्स मूळचे पशुवैद्यक होते, एडिंबरो येथे शिकलेले, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

कॉकर स्पॅनिएलसारख्या काही जातींत हा रोग अधिक आढळतो, आणि पुष्कळदा त्याचे कारण सापडत नाही. भारतात मात्र गोचिडींचा विचार प्रथम करावा लागतो. गोचिडींमार्फत बॅबेसिया व एर्लिकिया हे सूक्ष्मजीव कुत्र्याच्या रक्तात शिरतात, आणि त्यांच्यामुळेही प्रतिकारयंत्रणा तांबड्या पेशींवर उलटू शकते. म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारे औषध चालू असताना या जंतूंचा शोधही घ्यावा लागतो. धन्याला येथेच पहिला धक्का बसतो. आपण गोचिडी काढल्या नाहीत म्हणून हे झाले काय, गेल्या महिन्यात दिलेल्या लशीमुळे झाले काय, असे प्रश्न तो स्वतःलाच विचारीत राहतो. पुष्कळ रुग्णांच्या बाबतीत याचे निश्चित उत्तर कोणापाशीही नसते, आणि तसे स्पष्ट सांगितल्याने त्याच्या मनावरील ओझे बरेच हलके होते.

उपचाराचा मुख्य आधार म्हणजे प्रेडनिसोलोन. आरंभी दर किलो वजनास दररोज सुमारे २ मिलिग्रॅम, म्हणजे दहा किलोच्या कुत्र्यास २० मिलिग्रॅम, अशी मात्रा दिली जाते. रक्त सुधारू लागले की ती टप्प्याटप्प्याने कमी करीत जातात, आणि या क्रमास बहुधा तीन ते सहा महिने, कधी त्याहूनही अधिक काळ लागतो. जोडीला अॅझाथायोप्रिन किंवा सायक्लोस्पोरिन द्यावे लागते. रक्तात गुठळ्या होऊ नयेत म्हणून क्लोपिडोग्रेल देतात. रुग्णालयातील मुक्काम काही दिवसांचा, आणि घरातील शुश्रूषा काही महिन्यांची, असे हे गणित आहे.

त्या महिन्यांत घरात काय घडते? प्रेडनिसोलोनमुळे कुत्रा वाडगेच्या वाडगे पाणी पितो आणि रात्रीतून दोन-तीनदा बाहेर नेण्यासाठी दाराशी उभा राहतो. भूक अनावर होते. ओट्यावरची पोळी नाहीशी होते. शिस्तीचा म्हणून नावाजलेला प्राणी कचऱ्याची बादली उलथी करतो. तो सतत धापा टाकतो, मांड्यांचे मांस झडते, पोट सुटते. हे सारे औषधाचे परिणाम आहेत, आणि मात्रा उतरली की बहुतेक ओसरतात. परंतु हे अगोदर सांगितलेले नसेल, तर धनी असे समजतो की औषधानेच कुत्रा बिघडला. तो गोळी अर्धी करतो, पुढे बंद करतो. बाहेरून मिळणाऱ्या औषधामुळे निष्क्रिय झालेल्या अधिवृक्क ग्रंथी एकाएकी कामास लागू शकत नाहीत. कुत्रा कोलमडतो, अथवा दडपलेला रोग पुन्हा उसळतो. रक्त, तपासण्या व इस्पितळ यांवर झालेला सर्व खर्च असा एका न सांगितलेल्या वाक्यापायी वाया जाऊ शकतो.

धन्यावरील या भाराचे मोजमापही झालेले आहे. अमेरिकेतील केंट स्टेट विद्यापीठाच्या मेरी बेथ स्पिट्झनॅगल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कुत्री-मांजरे पाळणाऱ्या २३८ जणांची तुलना केली. त्यांपैकी निम्म्यांचा प्राणी दीर्घकाळ चालणाऱ्या किंवा असाध्य आजाराने ग्रस्त होता. अशा लोकांत ताण अधिक, उदासीनता व चिंता यांची लक्षणे अधिक आणि जीवनातील समाधान कमी आढळले. मोजणीसाठी वापरलेली प्रश्नावली मुळात स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांची सेवा करणाऱ्या नातलगांकरिता तयार झाली होती. ती येथेही लागू पडावी, यातच पुष्कळ काही आले.

यावर एक आक्षेप हटकून घेतला जातो. ज्या देशात असंख्य माणसांना औषध परवडत नाही, तेथे कुत्र्याच्या धन्याच्या मनःस्थितीची चर्चा कशाला? आक्षेप पोकळ नाही. परंतु येथे मागणी अधिक पैशाची नसून अधिक बोलण्याची आहे. शिवाय कुत्रा बाळगणारे सगळेच धनवान असतात ही समजूत चुकीची आहे. रिक्षाचालक, विद्यार्थी, निवृत्त कारकून अशीही माणसे हे प्राणी सांभाळतात. गल्लीतील कुत्र्यास रोज भाकरी घालणारी बाई तर कागदोपत्री कोणाचीच धनीण नसते. तिच्या कुत्र्यास हा रोग झाला तर रोज ठरल्या वेळी गोळी कोणी द्यावी, हा प्रश्न औषधाच्या किंमतीहून अवघड होऊन बसतो.

तेव्हा करावयाचे ते साधेच आहे. गोळ्यांचे वेळापत्रक घरच्या भाषेत, अर्धी व पाव गोळी चित्रासह दाखवून लिहून द्यावे. अॅझाथायोप्रिनची गोळी मोडू नये, ती हाताळताना हातमोजे घालावेत आणि घरात गर्भवती स्त्री असल्यास तिने ते काम करू नये, हे तोंडी सांगून भागत नाही. पहिल्या पंधरवड्याचा खर्च व त्यापुढील महिन्यांचा खर्च हे दोन आकडे वेगळे सांगावेत, म्हणजे उधारी करणाऱ्यास कोठे थांबावयाचे ते कळेल. सर्वांत कठीण गोष्ट पहिल्याच दिवशी सांगावी, ती ही की, उत्तम उपचार करूनही या रोगात पुष्कळ कुत्री दगावतात, बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत, आणि अनेकदा फुप्फुसातील गुठळ्यांमुळे. आशा राखण्यासाठी हे लपविणारा वैद्य पुढे धन्याच्या विश्वासासच मुकतो.

रक्त मिळविण्याची धावपळ ही एक स्वतंत्र यातना आहे. परक्या रक्तगटाविरुद्धची तीव्र प्रतिपिंडे कुत्र्यांत सहसा जन्मतः नसतात, म्हणून पहिल्या वेळी रक्त देणे बरेचसे सुरक्षित ठरते; दुसऱ्या वेळी जुळणी तपासलीच पाहिजे. चेन्नईच्या मद्रास पशुवैद्यकीय महाविद्यालयात प्राण्यांसाठी रक्तपेढी आहे. परंतु पुष्कळ गावी धन्यालाच रात्री-अपरात्री ओळखीपाळखीतून मोठा, निरोगी, गोचिडीमुक्त कुत्रा शोधीत फिरावे लागते. प्रत्येक पशुवैद्यकीय महाविद्यालयाने आपल्या शहरातील अशा दात्यांची साधी नोंदवही ठेवली, तरी ही वणवण पुष्कळ कमी होईल.

धन्यानेही एक वही ठेवावी. तीत दिनांक, दिलेली गोळी, पाणी, भूक, लघवीचा रंग आणि हिरड्यांचा रंग यांची नोंद असावी. हिरड्या मुळातच काळ्या असतील तर खालच्या पापणीची आतली बाजू पाहावी. कुत्रा बरा होणार नाही असे दिसू लागले, तर त्याला शांतपणे जाऊ द्यावयाचे की काय हा प्रश्न धन्याच्या तोंडी येण्याची वाट न पाहता वैद्यानेच काढावा. आणि तेव्हा किती दिवसांत तो आपणहून उठला, किती दिवसांत जेवला, हे त्या वहीतून दोघांना मिळून वाचता येते. सुधारणा होत असेल तर तीच वही मात्रा उतरविताना कामी येते. शेवटची गोळी संपल्यावरही रक्ताची तपासणी काही आठवड्यांनी पुन्हा करून घ्यावी लागते, आणि तिचा दिनांक त्याच वहीत अगोदर लिहून ठेवावा.