भाषा बदलल्याने रांग पुढे सरकत नाही

तत्काळ आरक्षणाच्या वेळी रेल्वेचे संकेतस्थळ अडखळले, की समाजमाध्यमांवर एक निदान हमखास उमटते : जुनी भाषा फेका, सारे गो किंवा रस्टमध्ये नव्याने लिहा. हे निदान आकर्षक आहे. पण मोजमापाशिवाय केलेले असल्याने ते विज्ञान नव्हे.

स्केलेबिलिटी म्हणजे केवळ वेग नव्हे. विनंत्या दसपट झाल्या, तरी यंत्रे वाढवून प्रत्येकाला साधारण तेवढ्याच वेळात उत्तर देता येणे, हा तिचा अर्थ. समजा, एका विनंतीला 200 मिलिसेकंद लागतात. त्यांतील 180 डेटाबेसच्या प्रतीक्षेत जातात आणि 20 प्रोग्रॅम चालण्यात. दसपट वेगवान भाषा आणली, तर वाचतात 18 मिलिसेकंद, म्हणजे अवघे 9 टक्के. उरलेल्या प्रतीक्षेला कोणतीही भाषा स्पर्श करत नाही.

ही प्रतीक्षा कशासाठी? एक बर्थ दोघांना विकता येत नाही, म्हणून. त्या बर्थच्या नोंदीत एका क्षणी एकच व्यवहार बदल करू शकतो. इतरांना थांबणे भाग असते. जीन अ‍ॅमडाल यांनी 1967 मध्ये मांडलेल्या युक्तिवादाचे सार हेच आहे : कामाचा 5 टक्के भाग जरी एकामागून एकच होणारा असला, तरी कितीही यंत्रे जोडून वेग 20 पटींपलीकडे जात नाही.

रेल्वेनेच 2025 मध्ये दिलेली माहिती या संदर्भात बोलकी आहे. तत्काळ आरक्षणाच्या पहिल्या पाच मिनिटांत लॉगिनच्या प्रयत्नांपैकी 50 टक्क्यांपर्यंत प्रयत्न बॉटचे असत. बॉट रोखणारी यंत्रणा आणि सीडीएन बसवल्यानंतर, 22 मे रोजी सकाळी दहा वाजता एका मिनिटात 31,814 तिकिटांचा विक्रम नोंदला गेला. रोग बनावट गर्दीचा असेल, तर रस्टमध्ये लिहिलेली प्रणाली दलालांच्या बॉटनाही तितक्याच तत्परतेने सेवा देईल.

मग भाषेला महत्त्वच नाही काय? आहे, आणि ते नाकारणे हाही आंधळेपणाच. व्हॉट्सअ‍ॅपने 2012 मध्ये एर्लँगच्या आधारे एका सर्व्हरवर 20 लाखांहून अधिक जोडण्या सांभाळल्या. ट्विटरने रुबीतील शोधसेवेचा दर्शनी भाग 2011 मध्ये जावात आणला, तेव्हा प्रतिसादाचा वेळ लक्षणीय घटला. भाषा ठरवते ती प्रत्येक सर्व्हरमागची क्षमता, म्हणजे पर्यायाने खर्च. परंतु इन्स्टाग्राम पायथनवर आणि विकिपीडिया पीएचपीवर अवाढव्य झाले, ते कॅशिंग, माहितीची विभागणी आणि रांगांचे नियोजन यांच्या बळावर.

पुनर्लेखनाची किंमत मात्र क्वचितच सांगितली जाते. कोटा, प्रतीक्षायादी, परतावा यांचे वर्षानुवर्षे साचलेले नियम नव्या भाषेत उतरवताना एखादा निसटला, तर भुर्दंड प्रवाशाला बसतो; आणि पैसा जातो तो जनतेचा.

म्हणून सार्वजनिक प्रणाली कोसळली, की पहिली मागणी हवी ती मोजमापाची : वेळ नेमका कुठे गेला, हे जाहीर करा. विद्यार्थ्यांनीही ‘कोणती भाषा शिकू?’ या प्रश्नाआधी लॉक, इंडेक्स आणि रांग समजून घ्यावी. भाषेची निवड त्या मोजमापानंतरची पायरी आहे.