किनाऱ्याची राखण

सुट्टीच्या सकाळी समुद्रकिनारे झाडण्यासाठी नागरिक एकत्र जमतात, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु तेवढ्यावर समाधान मानणे आम्हांस धोक्याचे वाटते. उत्साह एका दिवसात संपतो. किनाऱ्यावरील जीवांना गरज आहे ती नेमाने चालणाऱ्या पहाऱ्याची व नोंदीची.

असा पहारा कसा असतो, हे रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास गावाने दाखवून दिले आहे. नाना फडणिसांचे गाव म्हणून इतिहासाला परिचित असलेल्या या गावी २००२ साली चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेने समुद्री कासवांच्या रक्षणाचे काम सुरू केले. ऑलिव्ह रिडले जातीची मादी रात्री वाळूत शंभरएक अंडी घालून निघून जाते. ती अंडी पूर्वी माणसे तरी नेत, नाही तर कुत्री-कोल्ही उकरीत. संस्थेने गावकऱ्यांनाच राखणदार केले. हंगामात रोज पहाटे किनारा पायी फिरावयाचा, माग ओळखून घरटे शोधावयाचे, अंडी कुंपणाच्या आत तितक्याच खोलीवर ठेवावयाची आणि तारीख व संख्या लिहावयाची. सुमारे दोन महिन्यांनी पिल्ले निघाली की तीही मोजून समुद्रात सोडावयाची. यात डोळे दिपविणारे काही नाही, आणि त्यातच या कामाचे मोठेपण आहे. २०२१ साली ओडिशात खुणेचा बिल्ला लावलेली एक मादी २०२५ साली गुहागरला अंडी घालताना आढळली. बिल्ल्यावरचा आकडा कोणी वाचला नसता, तर दोन किनाऱ्यांना जोडणारा हा धागा अज्ञातच राहिला असता.

वेळास कोठे आणि भिवंडीजवळचे वडपे कोठे, असे कोणी विचारील. नाशिक रस्त्यावरील या गावाच्या आसमंतात गोदामे आणि मालमोटारी दिसतात; समुद्र दिसत नाही. पण या भागातील पावसाचे पाणी अखेर खाडीकडेच जाते. भिवंडीतून वाहणारी कामवारी खाडीला मिळते आणि खाडी समुद्राला. मालाची वेष्टने फाडून उघड्यावर टाकलेले प्लॅस्टिक याच वाटेने जाते. म्हणून किनाऱ्याची राखण वडप्याच्या नाल्यापासून सुरू झाली पाहिजे. महिन्यातून एक ठरलेला दिवस, नाल्याचा एक ठरलेला टप्पा, कचऱ्याचे वजन, प्रकार आणि एक वही, एवढे साहित्य येथील महाविद्यालयांना व गृहसंस्थांना जड नाही.

पक्ष्यांचा नाद असणाऱ्यांना तर ठाण्याची खाडी हाकेच्या अंतरावर आहे. २०१५ साली तिचा काही भाग रोहित पक्ष्यांचे अभयारण्य ठरला आणि २०२२ साली त्याला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. आशियाभर दर जानेवारीत होणारी पाणपक्ष्यांची गणना मुख्यतः स्वयंसेवकांच्याच बळावर चालते. तीत भाग घेणाऱ्याने आधी ओळखावयास शिकावे, मग मोजावे. आणि जे दिसले नाही ते लिहू नये. चुकीची नोंद ही नोंद नसण्यापेक्षा वाईट.

येथे शासनालाही दोन शब्द सांगणे प्राप्त आहे. जाळ्यात सापडलेला संरक्षित जीव जाळे कापून सोडणाऱ्या मच्छिमाराला भरपाई देण्याची योजना राज्याने २०१८ साली आणली, ती योग्यच होती. कोळी बांधवांच्या सहकार्यावाचून समुद्राचे रक्षण होणे नाही. मात्र स्वयंसेवक पुढे आले म्हणून सांडपाण्यावर प्रक्रिया करण्याचे, कांदळवनांतील भराव रोखण्याचे कर्तव्य कोणाचेही सुटत नाही. नागरिकांची सेवा ही प्रशासनाच्या आळसाची उशी होता कामा नये. उलट, स्वयंसेवकांच्या नोंदी मागवून घ्याव्यात, तपासाव्यात आणि त्यांवर काय केले ते दरवर्षी जाहीर करावे.

आमच्या वाचकांकडे आम्ही देणगी मागत नाही. महिन्यातील एक सकाळ मागतो, आणि पुढल्या महिन्यातही तीच सकाळ मागतो. वेळासच्या गावकऱ्यांनी दिले ते यापेक्षा पुष्कळ अधिक होते.