एक गिऱ्हाईक, सात दुकाने

1 ऑक्टोबर 2021 रोजी आयुध निर्माणी मंडळ बरखास्त झाले आणि त्याच्या 41 कारखान्यांच्या सात सरकारी कंपन्या झाल्या. सुमारे 70 हजार कामगारांच्या संघटनांनी संपाचा इशारा दिला होता. त्यांचे शंकानिरसन करण्याऐवजी सरकारने 30 जूनलाच संपबंदीचा वटहुकूम काढला. संपात भाग घेणाऱ्यास एक वर्षापर्यंत तुरुंगवास! बाजारपेठेच्या स्वातंत्र्याचा श्रीगणेशा हा असा झाला.

लष्कर व कारखाने यांत खरेदी-विक्रीचे नाते जोडले की कार्यक्षमता आपोआप येते, असा सरकारचा युक्तिवाद आहे. परंतु हा कसला बाजार? मुख्य गिऱ्हाईक एकच, संरक्षण खाते. आणि सातही दुकानांचा मालक तेच.

सैनिकांच्या कपड्यांचेच पाहा. 2017 मध्ये गणवेशासारख्या वस्तू बिगर-महत्त्वाच्या ठरविण्यात आल्या व जवानांना गणवेशासाठी रोख भत्ता सुरू झाला. कानपूर, शहाजहानपूर, आवडी येथील कारखान्यांची हक्काची मागणी त्यामुळे धोक्यात आली. इमारती, यंत्रे व पगार मात्र तेच राहिले. हा स्थिर खर्च कमी नगांवर विभागला की प्रत्येक नगाची किंमत वाढते, किंमत वाढली की गिऱ्हाईक आणखी दुरावते, आणि अखेरीस त्याच किमतीकडे बोट दाखवून कारखाना अकार्यक्षम ठरविता येतो. शिंप्याचे कापड काढून घ्यायचे व वर त्यालाच आळशी म्हणायचे, त्यातलाच हा प्रकार! अमेरिकेच्या संरक्षण खात्याने 1991 मध्ये दुरुस्ती, पुरवठा इत्यादी सेवांसाठी अंतर्गत खरेदी-विक्रीचा एकच मोठा निधी उभारला. दरवाढीचे हे दुष्टचक्र तेथेही चुकले नाही. 1996 मध्ये तो निधी मोडून निरनिराळे निधी करावे लागले.

जुन्या मंडळाचा कारभार निर्दोष होता, असे नव्हे. दारूगोळ्याच्या दर्जाबद्दल महालेखापरीक्षकांनी ओढलेले ताशेरे कामगार संघटनांनीही वाचावेत. दारूगोळ्याच्या कंपनीला निर्यातीच्या मागण्या आल्या, हेही खरे. परंतु त्यामागे 2022 नंतरच्या युद्धांनी जगभर वाढविलेली तोफगोळ्यांची गरज आहे, हिशेबाची नवी वही नव्हे.

1999 च्या कारगिलसारख्या प्रसंगी यंत्रे रात्रंदिवस चालविता यावीत, यासाठी शांततेच्या काळात त्यांतील काही रिकामी ठेवावीच लागतात. हा राष्ट्राच्या विम्याचा हप्ता आहे; तो सदऱ्याच्या वा गोळ्याच्या किमतीत लपविणे म्हणजे हिशेबाची लबाडी होय. सरकारने तो अंदाजपत्रकात स्वतंत्र रकमेने दाखवावा, आणि मग उरलेल्या खर्चाचा जाब कामगारांना व व्यवस्थापनालाही खुशाल विचारावा.